नववी फेरी

परतूरच्या जिनिंगचं आवार उन्हाळ्यात रिकामं होतं. कापसाच्या गंज्या उठतात आणि खाली सिमेंटचा मोठा पट्टा उरतो. मालक पप्पांच्या ओळखीचे, त्यामुळे रविवारी सकाळी सहा ते आठ ते आवार आमचं असतं. पप्पा ट्रॅक्टरचे जुने टायर मांडून वळणं आखतात आणि माझी धाकटी बहीण तिथे कार्ट चालवते. पूर्वी मी चालवायचे.

कार्ट म्हणजे काय हे आमच्याकडे अजून सांगावं लागतं. चार छोटी चाकं, लोखंडी सांगाडा, बाजूला इंजिन, आणि बसणारा जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. पप्पांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. पुण्याकडच्या एका ट्रॅकवर त्यांनी ही गाडी पाहिली आणि एक जुनी घेऊन आले. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आता बावीसची आहे. सांगाड्याला दोनदा वेल्डिंग झालंय.

स्टॉपवॉच माझ्याकडे असतं. त्यात बोलावं लागत नाही म्हणून ते काम मी घेतलं, असं आई म्हणते. मी प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहिते. पप्पा लांबून ओरडून विचारतात आणि माझ्या तोंडून आधी इंग्रजी आकडा निघतो.

"मराठीत सांग न माय," ते म्हणतात, "इंजिनाला इंग्रजी समजत न्हाई."

यंदा प्रश्न होता तो छोटीला कॅडेट गटातून वरच्या, ज्युनियर गटात घालायचं का, हा. बारावं वर्ष लागलं की जाता येतं, पण आणखी एक वर्ष खाली राहिलं तरी चालतं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून ते मीच वाचून दाखवलं. पुण्याचे सर तिला फोनवर शिकवतात. त्यांनी एक माप दिलं: सलग दहा फेऱ्या मारायच्या, आणि सगळ्यात जलद व सगळ्यात सावकाश फेरीत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक नको. एक फेरी जोरात कुणीही मारतं, ते म्हणाले, दहा सारख्या आल्या की मोठं इंजिन द्या.

माझ्या वेळी असं माप नव्हतं. बारा पूर्ण झाले, दिवाळी झाली, मला वर घातलं. दुसऱ्या शर्यतीत मागच्या गाडीचं चाक माझ्या चाकावर चढलं आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. दीड महिन्यात ते जुळलं. मी परत बसले नाही. बस असं कुणी म्हणालंही नाही. कोपरावर फाटलेला माझा शर्यतीचा सूट आईने धुऊन पेटीत ठेवला होता. यंदा तिने तो छोटीसाठी काढून, शिवून, गच्चीवर उन्हात टाकला.

ज्युनियरला गाडी आणि चालवणारा मिळून ठरावीक वजन भरावं लागतं. कमी पडलं तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने बसवतात. एवढा काटा घरात कुठून असणार, म्हणून पप्पा मोंढ्यात एका अडत्याकडे घेऊन गेले. सोयाबीनच्या पोत्यांच्या जागी कार्ट, आणि कार्टमध्ये हेल्मेट घातलेली छोटी.

"शेठ, क्विंटलला काय भाव लावायचा?" एका हमालाने विचारलं.

"हायब्रीड हाय, भाव जास्त लागंल," पप्पा म्हणाले.

सगळे हसले. छोटीही हसली का, ते हेल्मेटमुळे दिसलं नाही. वजन कमी भरलं. घरी केळी आणि शेंगदाण्याची चिक्की आली.

पहिल्या रविवारी आठ फेऱ्या चोवीस पॉइंट तीन ते चोवीस पॉइंट पाचमध्ये आल्या. नववी पंचवीस पॉइंट नऊ. दहावी पुन्हा चोवीस पॉइंट चार.

दुसऱ्या रविवारी तसंच झालं, पुन्हा नववीलाच. पप्पांनी एअर फिल्टर उघडला. आत कापसाची लव भरली होती. "बघ, हे अडून राह्यलं व्हतं," ते खुशीत म्हणाले.

तिसऱ्या रविवारी फिल्टर साफ होता. मी जागा बदलली आणि गाठी बांधायच्या प्रेसच्या शेडमागच्या वळणावर जाऊन उभी राहिले. पप्पांना ते वळण दिसत नाही. आठ फेऱ्या ती त्या वळणातून सारखी गेली. नवव्या वेळी सरळ पट्ट्यावरच तिचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा उजवा पाय वर आला, इंजिनचा आवाज पडला. स्टिअरिंगवरचे हात हलले नाहीत. तिने हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि पाय पुन्हा खाली ठेवला. पंचवीस पॉइंट आठ. मी ते लिहिलं.

छोटी पाणी प्यायला नळावर गेली. पप्पा कार्ब्युरेटर खोलायला बसले.

"पप्पा, गाडीत काही नाही," मी म्हणाले. "ती पाय उचलते. मुद्दाम."

"बोलली का ती तसं?"

"नाही."

"मंग तुला कसं कळलं?"

"दिसलं."

ते कापडाने हात पुसत राहिले. हात पुसून झाले तरी पुसत होते.

"डरून राह्यली का?"

"तसं वाटलं नाही. तिला वर जायचं नाहीये."

"मंग तोंडानं न्हाई म्हणायचं न. आपण काय मारून राह्यलो का तिला?"

मी वहीकडे पाहिलं.

"तुला बी जायचं नव्हतं का तवा?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही," मी म्हणाले.

आणि ते खरं होतं. त्या दिवसांतलं मला सूटची चेन आठवते, ती गळ्याशी अडकायची. बाकी काही नाही. पप्पांनी पाना खोक्यात टाकला.

दुपारी लॅपटॉपवर मी सीझनचा फॉर्म भरायला घेतला. गटाच्या चौकटीपाशी आले तेव्हा पप्पा मागे उभे होते.

"कॅडेट टाक," ते म्हणाले.

मी टाकलं. छोटी समोर आंबा चोखत बसली होती. "ताई, जन्मतारीख बराबर टाक," एवढंच म्हणाली. गट तिने विचारला नाही. तो ऐकू गेला असणारच. संध्याकाळी आईने सूट घडी घालून पेटीत ठेवला.

पुढच्या रविवारी तिने दहा फेऱ्या मारल्या. मी नेहमीच्या जागी उभी होते.

"नववी?" पप्पांनी लांबून विचारलं.

"चोवीस पॉइंट दोन."

दहाही फेऱ्या चोवीस पॉइंट दोन ते चोवीस पॉइंट चारमध्ये होत्या. मी वही त्यांच्याजवळ नेली. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवत यादी वाचली. फॉर्म गेलेला होता.

"बराबर," ते म्हणाले, आणि टायर गोळा करायला गेले.

छोटीने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. तिने हात पुढे केला, मी बाटली दिली.