दुनळीच्या काडतुसाची मुरड

"बाबा, जिला काडतूसच मिळत नाही तिला बंदूक कशाला म्हणायचं? काठी म्हणा," माझा मुलगा जेवता जेवता बोलला आणि माझा घास हातातच राहिला.

तो बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. आमची बंदूक बारा बोअरची दुनळी, माझ्या वडिलांची. ठाकुर्लीच्या बाजूला खाडीकडे आमची भातशेती होती, मिठागर होतं. रानडुकरं भात तुडवून जायची म्हणून राखणीसाठी वडिलांना परवाना मिळालेला. पुढे तो माझ्या नावावर आला. आता त्या शेतात टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकात आम्ही राहतो. डुक्कर गेलं, भात गेलं, मीठ गेलं. बंदूक राहिली. तिला गंज चढू नये म्हणून मी रायफल क्लबात नाव घातलं आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला लागलो. शाळेत मी फार टिकलो नाही, पण उडालेली तबकडी कुठे जाणार ते मला बरोबर कळतं.

अडचण बंदुकीच्या वयाची. तिच्यात काडतूस बसायची जागा आखूड आहे, कारण त्या काळी काडतुसंच आखूड यायची. आता दुकानात मिळतात ती लांब. लांब काडतूस आत सरकतं, आणि तोच धोका. बार उडाला की त्याचं तोंड उलगडतं, पुढे जागा नसते आणि नळीवर नको तेवढा जोर येतो. वडिलांची नळी मी अशी फाडून घेणार नव्हतो. ठाण्यातल्या बंदूकवाल्याकडची आखूड काडतुसांची शेवटची पेटी मीच संपवली. नंतर नंतर मी खोपटच्या डेपोत उतरून त्याच्याकडे जायचो तर तो मला दुकानातून बघूनच नकाराची मान हलवायचा.

मुलाला बंदुकीचा कंटाळा होता. निवडणूक आली की चौकीत जमा करा, संपली की सोडवून आणा, आणि दरवेळी गाडी त्यानेच काढायची. दसऱ्यानंतर परवान्याचं नूतनीकरण होतं. तो म्हणाला, "आता एकदाच कायमची देऊन टाकू ना. टेन्शन आहे नुसतं."

"दसऱ्यापर्यंत थांब," मी म्हणालो. "तिच्या मापाचं काडतूस मी भरतो. क्लबात दोन्ही नळ्या नीट उडाल्या तर बंदूक घरात राहील. नाय उडाल्या तर तू ने आणि देऊन टाक. मी एक शब्द बोलणार नाय."

"एक शब्द पण नाही? तुम्ही?" सून हसायलाच लागली.

पण ठरलं.

काडतुसाचं तोंड बंद करायच्या दोन तऱ्हा असतात. एक मोदकाच्या कळ्यांसारखी, दुकानातल्या काडतुसाला असते ती. तिला कड भरपूर लागते. मी क्लबात उडालेल्या लांब काडतुसांची रिकामी नळकांडी कापून आखूड केली की कळ्या पाडायला कड उरतच नाही. मग दुसरी तऱ्हा. छऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची आणि नळकांड्याची कड आतल्या बाजूला गोल वळवून त्या चकतीवर बसवायची. मी तिला मुरड म्हणतो. मुरड सैल पडली तर काडतूस फुकट. म्हणून ती घालायला हत्यार कोणतं घ्यायचं, इथे सगळी गोम होती. बारूद किती, छरे किती, ते मी इथे लिहिणार नाही. भरायची परवानगी काढून ते मी क्लबातल्या उस्तादाच्या समोर बसून शिकलो. ते फौजेतून रिटायर झालेले, हसत नाहीत. ज्याला शिकायचं त्याने तसंच शिकावं.

पहिलं हत्यार घरातच होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचं पितळी यंत्र होतं, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, एका हाताने दांडा दाबायचा, दुसऱ्या हाताने मूठ फिरवायची. बापाचं हत्यार, मग विचार कशाचा करायचा? मी चिंचेने घासून ते लखलखीत केलं. घरात बारूद नको म्हणून तालमीला नळकांड्यात मूग भरले. मूग छऱ्यांएवढेच असतात. मूठ फिरवली, कड वळली, दिसायला अगदी वडील भरायचे तशी. सगळी काडतुसं टेबलावर उभी करून ठेवली आणि सुनेला बोलावून दाखवलीसुद्धा.

सकाळी बायकोच्या आवाजाने जाग आली.

"अवो, हे मूग कोणाचे? उसळीला डबा काढते तर डबा अर्धा, आणि हितं टेबलभर पेरणी झालीय तुमची!"

मुरडी सगळ्या उठल्या होत्या. चकत्या तिरक्या, मूग बाहेर. मी यंत्र फिरवून फिरवून बघितलं तेव्हा कारण सापडलं. वडिलांची काडतुसं कागदाची होती. कागद एकदा दुमडला की तसाच राहतो. माझी नळकांडी प्लास्टिकची, आणि प्लास्टिक हट्टी असतं, पुन्हा सरळ व्हायला बघतं. वडिलांच्या यंत्राचं तोंड आतून गुळगुळीत, त्याला हा हट्ट मोडता येईना.

मुलगा लांबून बघत होता. दोन दिवसांनी ऑफिसातून येताना एक छोटी पोलादी टोपी घेऊन आला. मागवलेली. "हे ड्रिलला लावायचं. आत पिना आहेत बघा. पिना घासतात, प्लास्टिक तापतं आणि वळतं. सगळे असंच करतात, बाबा."

"पैज माझ्याविरुद्ध लावलीस आणि हत्यार मलाच आणून देतोस?"

"हरलात तर नीट हरा. नंतर हत्यार नव्हतं म्हणाल."

पोरगा माझाच आहे.

आमचं ड्रिल म्हणजे पडद्याचे रॉड लावायला घेतलेलं, एकच वेग माहीत असलेलं. दाबलं की सुटतं ते भिंत फोडायलाच. पहिल्या काडतुसाचं तोंड वितळून लोंबायला लागलं. दुसऱ्याची कड फाटली. घरभर वास. शेजारीण दार वाजवून विचारते, "काकू, काय जळतंय?" तर बायको म्हणते, "काय नाय गं, ह्यांनी मूग भाजायला घेतलेत." पुढे माझा हात बसला आणि चार-पाच मुरडी छान आल्या. पण ड्रिल काढलं की डोळ्यांसमोर हळूहळू उलगडायच्या, सकाळच्या फुलासारख्या. फुलाचं बरं असतं, त्याच्यात मूग नसतात.

तोवर गणपती आले. भावकीतल्या बायका आमच्या हॉलमध्ये करंज्या करायला बसल्या आणि मी गॅलरीच्या दाराशी ड्रिल घेऊन. आमच्या घरात करंजीला कातण लावत नाहीत, कड हातानेच मुरडतात. बायकोची करंजी आजवर तेलात कधी सुटलेली नाही, आणि हे ती कोणाला विसरू देत नाही. तिने माझ्याकडे मान वळवून बघितलं.

"तुमची मुरड सुटते कारण तुमाला धीर नाय. वळली की लगेच हात उचलता. वळल्यावर बोट दाबून ठेवायचं, तिला बसू द्यायचं, मग सोडायची."

"करंजी आणि काडतूस एक नाय."

"दोन्ही फुटली की आतलं बाहेर येतं," माझी वहिनी बोलली. "भावजी, इतकी वरसं करंज्या खाताय, एक तरी मुरडलीत का?"

सगळ्या हसल्या. मी एक करंजी उचलली, खाल्ली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाडीकडे बघत होतो, पण डोक्यात बायकोचं 'दाबून ठेवायचं' घोळत होतं. ड्रिल मला पाहिजे तिथे थांबत नाही, बटण सोडलं तरी गरगर फिरत राहतं आणि गरम कड ओढून नेतं. हात थांबतो. म्हणजे पिना मुलाच्या टोपीच्या पाहिजेत आणि थांबणं वडिलांच्या यंत्राचं. दोन्ही एकत्र.

टोपीचा दांडा वडिलांच्या यंत्रात बसेना. दोन्ही पिशवीत घालून मी विठ्ठलवाडीला एका लेथवाल्याकडे गेलो. तिथे काहीही बनवून मिळतं, हे त्या बाजूचा कोणीही सांगेल.

"काका, ह्या म्हाताऱ्याला नवीन दात कशाला? मी अख्खं नवीन बनवतो, ओरिजिनलपेक्षा भारी."

"म्हातारा माझ्या बापाचा हाय. तू फक्त जोड बनव."

त्याने जोड बनवला. मी तिथेच उभं राहून मूठ फिरवली तर टोपी किंचित डुलत होती. डुलली की मुरड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मी तो परत केला. त्याने दुसरा केला. मी तोही परत केला.

"काका, विमान बनवताय का?"

"विमान पडलं तर दुसऱ्याचं पडतं. हे माझ्या नाकासमोर उडणार हाय."

तो हसला आणि तिसऱ्या वेळी लेथवर बराच वेळ घालवला. तिसरा जोड फिरला तेव्हा टोपी फिरतेय की उभी आहे ते कळत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. काम चांगलं झालं की माणसाला सांगावं.

घरी येऊन मूठ जोरात फिरवली. हाताला कळतं, आधी कड खरखरते, मग तापून मऊ पडते, मग दांडा आपोआप खाली येतो. तिथे मूठ थांबवली. दांडा दाबून धरला, टोपीचं पोलाद गार वाटेपर्यंत. मग उचललं. वाटीच्या काठासारखी गोल, सारखी कड. दुसऱ्या दिवशी बायकोच टेबलापाशी आधी पोचली. एक काडतूस कानाशी नेऊन हलवलं.

"वाजत पण नाय," ती म्हणाली. "म्हणजे माझे मूग आता ह्यातच?"

"ह्यातच."

रेंजवर मुलगा हाताची घडी घालून उभा होता. क्लबातच भरलेली खरी काडतुसं उस्तादांनी एकेक तपासली, मापली, मगच बंदुकीत घालू दिली. मग म्हणाले, "आता खरी परीक्षा. दोन्ही नळ्या भरा, उजवी उडवा, आणि डावीतलं काडतूस न उडवता बाहेर काढा." दुनळीची ही खोड असते. एक बार उडाला की त्याचा धक्का शेजारच्या भरलेल्या काडतुसाला बसतो आणि मुरड कच्ची असेल तर ती तिथेच उघडते. मला हे माहीत होतं.

तबकडी उडाली. उजवी उडवली. तबकडी फुटली की नाही ते मी बघितलंही नाही. बंदूक उघडून डावीतलं काडतूस काढलं आणि उस्तादांच्या हातात दिलं. त्यांनी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा, मग उलट्या बाजूने.

"जागची हललेली नाही," ते म्हणाले आणि काडतूस मुलाकडे दिलं.

मुलाने ते उन्हात धरलं. नखाने मुरड उचलायचा प्रयत्न केला, हो, माझ्यासमोर केला. नख मोडलं असेल, मुरड उठली नाही. मग त्यानेच ते काडतूस माझ्या हातात ठेवलं. "मारा, बाबा."

मारलं. तबकडीचा नुसता लाल धुरळा झाला. उस्ताद हसले! माझ्या आयुष्यात त्यांना हसताना मी तेव्हाच बघितलं. मी "बघ!" म्हणून असा ओरडलो की पलीकडचे लोक वळले. नंतर भरलेली सगळी उडवली, उजवी, डावी, उजवी, डावी. एकही फसलं नाही. मुलगा खाली वाकून रिकामी नळकांडी गोळा करत होता.

"ही परत भरता येतील ना?"

"येतील. कड चांगली आहे तोपर्यंत."

त्याने ती खिशात घातली. पैजेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मी काढला, गाडीत, दोनदा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. पाटावर कोयता, मिठागरातलं मीठ ओढायचं लाकडी फावडं आणि बंदूक. मी फुलं वाहत होतो तेवढ्यात मुलगा पितळी यंत्र पुसून घेऊन आला, बंदुकीच्या शेजारी ठेवलं आणि स्वतः त्याला कुंकू लावलं. मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

"त्याला करंजीचा निवद दाखवा," बायको म्हणाली. "खरा मान तिचा हाय."

"मान यंत्राचा."

"बरं, यंत्राचा."

तरी तिने त्या दिवशी करंज्या केल्या होत्या, आणि मी पाटावर एक ठेवली, मुरड वर करून.

पुढे नूतनीकरणाला मुलानेच गाडी काढली, न कुरकुरता. म्हणजे थोडा कुरकुरला. पण बंदूक त्याने स्वतः खांद्याला अडकवून नेली आणि स्वतःच परत आणली.