गार्डसाहेबांची एकवीस मिनिटं

पुण्यातल्या एका स्टुडिओच्या रेकॉर्डिस्टनं आमच्या गार्डसाहेबांना फसवलं. एकवीस मिनिटांची रचना त्यानं निम्मीच टेपवर घेतली आणि "सगळं आलं" असं तोंडावर सांगितलं. त्याचं नाव मला माहीत आहे.

गार्डसाहेब दौंडला मालगाडीवर होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटे बसून रुळांच्या खडखडाटावर गुडघ्यावर बोटं चालवायचे. त्यांची आई केडगावच्या मिशनमध्ये कामाला होती, त्यामुळं लहानपणीच ऑर्गन हाताखाली आला. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये आमचा रॉक बँड होता. ऑर्गनवर ते, गिटारवर लोकोशेडचा फिटर सोनवणे, आणि ड्रमवर मी, शिरूरला जुने मोटारपार्ट विकणारा. लोकांना नाचायला तीन मिनिटांची गाणी लागायची. गार्डसाहेबांनी कुठून तरी एक विलायती तबकडी मिळवली. तिच्या अख्ख्या बाजूवर एकच गाणं होतं. तिथून त्यांचं लहान गाण्यांवरचं मन उडालं. "मालगाडीला उशीर होत नसतो," म्हणायचे, "ती फक्त पोचते."

त्यांनी रचना बांधली ती मालगाडीच्या दौंड ते मनमाड प्रवासासारखी. मध्ये क्रॉसिंग होतं. मेलगाडीला वाट द्यायला मालगाडी बाजूच्या लूपलाइनला उभी राहते, म्हणून आम्हीही मिनिटभर हात खाली घेऊन गप्प बसायचो. नाचणारे शिव्या घालायचे. "हे कापा," मी एकदा म्हणालो. "कापतो," ते म्हणाले. "आधी तुम्ही मेल बंद करून या."

मी सोनवण्याशी भांडलो आणि बँड मोडला. चूक माझी होती. आणीबाणी उठल्यावर वर्षभरानं गार्डसाहेब एसटीनं माझ्या दुकानात आले. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला.

"डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. बोटं ऐकतात तोवर एकदा टेपवर घेऊ. सोनवण्याला सांगून आलोय, तुम्ही त्याची माफी मागणार आहात."

मागितली. सोनवणे म्हणाला, "इतकी वर्षं लागली व्हय शेठ, शिरूरहून दौंडला यायला?" आणि गिटार खाली काढली.

स्टुडिओ मी घासाघीस करून दुपारपुरता मिळवला. आत दारावर लाल दिवा लागला आणि सोनवण्यानं तारांवरचा हात उचलला. गार्डसाहेबही थांबले.

"अहो, वाजवा," काचेमागून आवाज आला. "इथं लाल म्हणजे सुरू."

"शेडमधी लाल बघून पुढं गेलो तर नोकरी जाती," सोनवणे पुटपुटला.

अखेर गार्डसाहेबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. हात थरथरत नव्हते. क्रॉसिंगला आम्ही गप्प बसलो. मिनिट होतं न होतं तोच दिवा विझला. गार्डसाहेबांनी डोळे उघडले, वर बघितलं आणि आम्हाला मान हलवून खूण केली. लाल गेला म्हणजे रस्ता मोकळा, हे आम्हा तिघांनाही इतकं सरळ वाटलं की कुणालाच शंका आली नाही. पुढचा निम्मा भाग त्यांनी जसा वाजवला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. संपल्यावर रेकॉर्डिस्ट हातात चहा घेऊन दारातून आत आला.

"सगळं आलं?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"सगळं आलं. छान झालं, काका."

काही महिन्यांनी टेप दौंडला पोचली तेव्हा गार्डसाहेबांना शर्टाची बटणंही लावता येत नव्हती. इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही ती लावली. क्रॉसिंग आलं. मिनिट झालं, दोन झाली, नुसती खरखर. मी मशीन बंद करायला उठलो.

"बसा," ते म्हणाले. "मेलला उशीर झाला असेल."

रीळ संपून टेपचं टोक फटफटायला लागलं तेव्हा सोनवण्यानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या रेकॉर्डिस्टची कॉलर धरली. तो म्हणाला, "तुम्ही थांबलात, मला वाटलं संपलं." ते मी मान्य करतो. बाहेरच्या माणसाला तसं वाटू शकतं. "मग विचारलं तेव्हा खोटं का बोललास?" तर म्हणाला, पुढची पार्टी लवकर येऊन बसली होती.

आमच्या वेळेतली चाळीस मिनिटं तेव्हा शिल्लक होती. गार्डसाहेबांची बोटं चालत होती. हे आता तुलाच सांगतोय: तू खरं बोलला असतास, तर आम्ही तिथंच पुन्हा वाजवलं असतं.

गार्डसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी दौंडला शाळेत शिकवते, आणि निम्मी टेप तिच्या कपाटात आहे. तू अजून पुण्यातच आहेस. माझ्याकडं येऊ नकोस, मला पुन्हा राग येईल. तिच्यासमोर बस, टेप पूर्ण ऐक, आणि "सगळं आलं" का म्हणालास ते तिला सांग.