नववी 'ब'ची तक्रारवही

त्या वर्षी नववीच्या इतिहासाच्या तीन तासिका संगणकाला गेल्या. आठ तासिकांत शिकवायची फ्रेंच राज्यक्रांती आता पाच तासिकांत उरकायची होती. मी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, राजाला कितव्या तासिकेला घालवू?" ते म्हणाले, "परीक्षेच्या आधी घालवा, म्हणजे झालं." आमच्या बिबवेवाडीच्या शाळेत असे संवाद रोजचेच होते आणि त्यावर कुणी रागावत नसे.

तो काळ असा होता, की प्रत्येकाच्या नात्यातला कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये लागून अमेरिकेला निघालेला असायचा. आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीच्या माडीवरही संगणकाचे वर्ग निघाले होते. माझ्या नवऱ्याची कंपनी मात्र बंद पडत आली होती आणि त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्यातला 'स्वेच्छा' हा शब्द ज्याने शोधला त्याला मला एकदा भेटायचं आहे. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं, आणि मी अजून कायम झाले नव्हते.

आवारात संस्थेची नवी तीन मजली इमारत इंग्रजी माध्यमाची, आणि जुनी बैठी इमारत आम्हा मराठीवाल्यांची. आमच्याकडे संगणक कक्ष आला तेव्हा पूजा झाली, पेढे वाटले. धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं. वीज सारखी जायची म्हणून मोठाल्या बॅटऱ्या आणल्या आणि त्या ठेवायला शेजारचं मुलींचं स्वच्छतागृह घेतलं. त्याला कुलूप लागलं. मुलींनी नव्या इमारतीत जायचं ठरलं, पण तिथला रखवालदार वर्गशिक्षिकेची चिठ्ठी दाखवल्याशिवाय आत सोडत नसे. नववी 'ब'ची वर्गशिक्षिका मी. सुरुवातीला रोज दहा-बारा चिठ्ठ्या लिहायचे. मग मुलींनी शाळेत पाणी पिणंच सोडलं आणि चिठ्ठ्या कमी झाल्या. मी मुख्याध्यापकांशी दोनदा बोलले. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली.

पहिल्या तासिकेला मी फळ्यावर एक घर काढलं. वरच्या मजल्यावर धर्मगुरू, मधल्या मजल्यावर सरदार-उमराव, आणि तळमजल्यावर उरलेला सगळा देश, म्हणजे शेतकरी, कारागीर, दुकानदार, वकील. कराचा बोजा तळमजल्यावर, सवलती वरच्या दोघांना. खजिना रिकामा झाला तेव्हा राजाने तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. पावणेदोनशे वर्षांत ती कुणी बोलावलीच नव्हती. तिथे एका माणसाला एक मत नव्हतं, एका वर्गाला एक मत होतं.

"म्हणजे कायम दोन विरुद्ध एक," मागच्या बाकावरून आवाज आला. "मग बाई, बोलावलं कशाला?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! 'हे परीक्षेला आहे का' याखेरीज त्या वर्गाने कित्येक महिन्यांत काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या तासिकेला तक्रारवह्या. सभा भरण्याआधी गावोगावच्या लोकांनी आपापल्या तक्रारी लिहून पाठवाव्यात असा राजाचा हुकूम होता. लोकांनी लिहिलं, मिठावरचा कर झेपत नाही. लिहिलं, जमीनदारांची कबुतरं आमचं पीक खातात आणि आम्हाला त्यांना मारायची मुभा नाही. पाठ्यपुस्तकात यावर जेमतेम एक ओळ होती. मी त्यावर अख्खी तासिका घालवली, हौसच तशी. शेवटी म्हणाले, तुम्हीही वर्गाची एक तक्रारवही करा. अर्जलेखनाचा सराव होईल.

मुलांनी ती खरोखरच केली. पंख्यांबद्दल, खडूबद्दल दोन-चार ओळी होत्या, बाकी सगळं पान बॅटऱ्यांच्या खोलीबद्दल होतं. कच्चा मसुदा माझ्याकडे आला. त्यात त्यांनी 'मुतारी' लिहिलं होतं, ते मी लाल शाईने खोडून 'स्वच्छतागृह' केलं. 'चिठ्ठी मागायला लाज वाटते' हे वाक्य तसंच ठेवलं. आता हे संस्थेच्या अध्यक्षांना देणार, असं मुली म्हणाल्या. मी तिथेच थांबवायला हवं होतं. मी म्हणाले, "देणार असाल तर स्वच्छ अक्षरात लिहा. अर्जाचं आधी अक्षर बघतात, मग मजकूर."

तिसऱ्या तासिकेला सभागृहाला कुलूप लागलं. तळमजल्याचे प्रतिनिधी सकाळी येऊन बघतात तर दार बंद, बाहेर शिपाई. मग ते जवळच्या एका चेंडू खेळायच्या दालनात गेले आणि त्यांनी शपथ घेतली, की देशाला राज्यघटना मिळेपर्यंत आम्ही वेगळे होणार नाही. एकेकाने पुढे येऊन सही केली. वर्गात कुणाच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळायला हवं होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी सह्या केल्या. एकीचे वडील कारखान्यात होते. तिथे युनियनच्या अर्जावर गोलात सह्या करतात, म्हणजे पहिली कुणाची ते मालकाला कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. कागदाच्या तळाशी बशी ठेवून गोल आखला आणि त्याभोवती बेचाळीस सह्या झाल्या. फार हुशारीचं काम होतं ते. फक्त वरचा मजकूर त्यांनी, मी सांगितल्याप्रमाणे, वर्गात ज्या मुलीचं अक्षर सगळ्यांत सुंदर तिच्याकडून लिहून घेतला.

ती मुलगी कात्रजच्या पुढून बसने यायची. वडील टेम्पोवर, आई एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचं काम दोन वर्षं तिच्याकडे होतं. येणारे पाहुणे थांबून ते अक्षर बघायचे. बेचाळीस जण गोलात लपले आणि ती एकटी पानभर उघडी राहिली. हे त्या मुलांच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

तक्रारवही अध्यक्षांकडे पोचली आणि आठवडाभरात पालकांची सभा झाली. व्यासपीठावरून सांगण्यात आलं, की नववी 'ब'चा संगणकाला विरोध आहे. स्वच्छतागृहाचा कुणी उच्चारही केला नाही. पालक घाबरले. संगणक ही त्यांच्या पोरांना लागलेली एकच शिडी होती, तिला कुणी हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते एकेक येऊन, आमच्या मुलाची सही चुकून झाली, असं लिहून देऊ लागले. गोलात सह्या करायची युक्ती जिची, तिच्या वडिलांनीही लिहून दिलं. त्यांचा कारखानाही त्याच सुमारास बंद होत होता. मी त्यांना नावं ठेवत नाही. ठेवायला मला तोंड नाही.

मग मला कार्यालयात बोलावलं. मुख्याध्यापक उभे होते, अध्यक्ष बसलेले. तक्रारवहीचं पान टेबलावर.

"या बाई, बसा," अध्यक्ष म्हणाले. "आपण फारच छान शिकवता म्हणे. मुलं एकदम राजालाच हाकलायला निघाली."

मी म्हणाले, "साहेब, मुलींची अडचण खरी आहे."

"असेल ना. अडचणी सगळ्यांनाच असतात. आपली कायम व्हायची फाईल कालच माझ्याकडे आली." त्यांनी पान माझ्यासमोर सरकवलं. "एवढंच सांगा, हे अक्षर कोणाचं?"

दर्शनी फळा कार्यालयाच्या दारासमोरच होता. मुख्याध्यापक दोन वर्षं रोज सकाळी तो वाचत होते. त्या खोलीत असं कुणी नव्हतं, ज्याला ते अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं. मी सांगू शकले असते, की मसुदा मी तपासलाय, शब्द माझे आहेत. कच्च्या मसुद्यावरची माझी लाल शाईसुद्धा दाखवता आली असती. पण मला घरी बसलेला नवरा दिसत होता, सकाळचं वर्तमानपत्र दुपारी परत वाचणारा. मला भीती वाटली.

मी नाव घेतलं नाही. मी म्हणाले, "हजेरी क्रमांक तेवीस."

नंबर सांगितला तर नाव सांगितल्यासारखं होत नाही, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं. मागे वळले तर दार उघडं होतं. शिपायाने तिला आधीच बोलावून आणून बाहेर उभं केलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या फळ्याकडे बघत होती.

उरलेल्या दोन तासिका मी शिकवल्या. बाजारातल्या बायका पावसात चालत राजवाड्यावर गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या, हे शिकवलं. राजा वेष पालटून पळाला, वाटेत ओळखला गेला, त्याला परत आणलं, मग राजेपदच रद्द झालं आणि त्याचं डोकं उडवलं. लोकांनी स्वतःचं राज्य स्वतः चालवायला घेतलं, आणि थोड्याच काळात एकमेकांना संशयावरून वधस्तंभाकडे धाडू लागले. शेवटी एका सेनापतीने स्वतःच्या हाताने मुकुट घातला.

"मग एवढं करून मिळालं काय?" असं कुणीतरी विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. सांगणार होते, की त्यांनी उच्चारलेली स्वातंत्र्य, समता, बंधुता आपल्या संविधानात आहेत, आणि एकदा उच्चारलेलं परत गिळता येत नाही. कुणी विचारलंच नाही. तेवीस नंबरची जागा रिकामी होती. तासिका संपताना पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. मला वाटलं प्रश्न आहे. तिला चिठ्ठी हवी होती.

शनिवारी तेवीस नंबरच्या मुलीची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. दाखला भरायचं काम वर्गशिक्षिकेचं. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारायला गेले तर मुख्याध्यापक म्हणाले, "चांगली लिहा. आता कशाला वाद!" मी 'चांगली' लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी अगदी वाईट आलं.

आई हाताला लागलेलं पीठ तसंच घेऊन थेट कामावरून आली होती. तिने दाखला उलटसुलट करून बघितला आणि मला विचारलं, "वागनूक काय लिवलीय, बाई?"

"चांगली."

तिचे डोळे भरून आले. "लय उपकार झाले तुमचे. सर तर काय काय बोलले आमच्या मालकांना. तुम्ही हुता म्हनून एवढं तरी झालं."

मुलगी शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं. पण तिने आईला खरं सांगितलं नव्हतं, आणि माझ्यासमोरही सांगितलं नाही.

मी विचारलं, "आता कुठे घालणार हिला? वर्षाच्या मध्ये कुणी घेत नाही."

"गावाकडं धाडते आत्याकडं. तितं शाळा सातवीपतुरच हाय, पर घरात हाताखाली हुईल तिच्या." मग ती मुलीला म्हणाली, "पाया पड बाईंच्या."

मुलगी वाकली. तिचे हात माझ्या पायांच्या वीतभर अलीकडे थांबले, आणि ती सरळ उभी राहिली. आईला वाटलं, नमस्कार झाला. माझा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने तिच्या डोक्याकडे गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खूप शीक."