फायलीचे तपशील आणि आमचे साडूभाऊ

उतारवयात प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्याने आपले लेखन चारचौघांपुढे ठेवावे की नाही, याविषयी मी अजूनही साशंक आहे. वाचकांनी हे धारिष्ट पोटात घालावे. परंतु आमच्या साडूभाऊंइतका रागीट माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत नसेल, आणि मोबाईलमधल्या व्हिडिओंवरून इतका संतापणारा तर अवघ्या महाराष्ट्रात नसेल, असे माझे नम्र मत आहे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. पानशेतच्या वरच्या अंगाला त्यांची भातखाचरे आहेत. कोणी व्हिडिओ दाखवू लागले की ते चित्राकडे पाहतच नाहीत. आधी फायलीचे तपशील उघडायला लावतात आणि तारीख, वेळ, लांबी, ठिकाण मोठ्याने वाचतात. नातीच्या बारशाचा पाळणा हलण्यापूर्वीही हे वाचन झाले होते. ग्रुपवरून आलेल्या व्हिडिओचा त्यांना विशेष तिटकारा, कारण तिथून येताना तो दाबून लहान केला जातो आणि चित्रीकरणाची खरी वेळ व जागा त्यातून गळून पडते. नसरापूरच्या एका लग्नाचा व्हिडिओ मी भाबडेपणाने त्यांना पुढे धाडला, तेव्हा त्यांनी फोन करून मला फैलावर घेतले. "पाहुणं, ही फाईल न्हाई, उसाचं चिपाड हाय. रस कुणी पिला ते आदी इचारा." तेव्हापासून सगळे नातलग त्यांना मूळ फाईलच जशीच्या तशी धाडतात. त्यांच्या धाकट्या भावाने ऐन भातलावणीत ताप आल्याचे कळवले आणि पांघरुणात कण्हतानाचा व्हिडिओ इमानाने मूळ फायलीच्या रूपात पाठवला. तपशिलात ठिकाण निघाले पानशेत, तेही धरणाकाठच्या खानावळींच्या रांगेतले. साडूभाऊ चिखलाच्या पायांनी तिथे पोहोचले आणि भरल्या ताटावरून त्याला उठवत म्हणाले, "तापाला रश्श्याची वाटी लागती व्हय रं?"

या रागाला आम्ही हसत असू. परंतु त्यांच्या वस्तीच्या डोक्यावर पुण्याच्या एका गृहस्थाने सुट्टीतला बंगला बांधायला घेतला, आणि तो राग माझ्याही अंगात भिनला. वस्तीचे पिण्याचे पाणी ज्या झऱ्यावर होते, तो त्या जागेच्या कडेला होता. वस्तीने तक्रार केली आणि तालुक्याच्या कचेरीतून काम थांबवण्याचा हुकूम निघाला. तो मालकाच्या हाती दुपारी बाराला पडला. त्याच दिवशी यंत्राने झऱ्यावर मुरुमाचा भराव टाकला. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, आणि जागेचे फोटो काढणारा मालक त्यांना फोटोतून बाजूला व्हायला सांगत होता. हुकमानंतर भराव टाकल्याचे सिद्ध झाले, तर तो त्याला स्वखर्चाने काढावा लागणार होता. साडूभाऊंनी सारे चित्रित केले होते आणि फायलीत वेळ होती सव्वाबाराची. सुनावणीपर्यंत त्यांनी ती फाईल कोणाला धाडली नाही, कापली नाही, फोनला पोराबाळांचा हातही लागू दिला नाही.

कचेरीत अधिकाऱ्यांनी तपशील पाहिले, मान डोलावली, आणि सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडूभाऊंचा फोन अर्धा तास पुढे होता; म्हणजे भराव पडला तेव्हा खरे पावणेबाराच वाजले होते. एसटी चुकू नये म्हणून त्यांच्या घरातली सगळी घड्याळे पुढे असतात. नवा फोन आला, तेव्हा त्यालाही त्यांनी घरच्या शिस्तीत बसवले होते. जी वेळ ते इतरांच्या फायलीत शोधत राहिले, ती स्वतःच्या फायलीत त्यांनीच घातली होती. शेजारी बसलेला धाकटा भाऊ कानाशी लागला, की घड्याळ कालच पुढे केले असे सांग. मालक गालात हसत होता. साडूभाऊंचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटले, आता हे त्याच्या अंगावर जातील. ते अधिकाऱ्यांकडे वळले.

"सायेब, घड्याळ पयल्यापास्नं पुढंच हाय. फाईल खोटं बोलत न्हाई. तिला खोटं म्या शिकिवलं."

हुकमाचा भंग झालेला नाही, असा निर्णय झाला. हुकूम येणार हे ठाऊक असूनच मालकाने घाई केली होती, हे सर्वांना कळत होते; मात्र ते कोणत्याच फायलीत नव्हते. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नाही, आणि तिचे काय करावे हेही मला कधी उमगले नाही.

आता बाया खालच्या विहिरीवरून चढ चढून पाणी आणतात. परवा मी गेलो, तेव्हा साडूभाऊ ओट्यावर तोच व्हिडिओ लावून बसले होते. यंत्र सुरू होण्याआधी त्यात क्षणभर झऱ्याचा आवाज येतो. तेवढाच ते पुन्हा पुन्हा ऐकत होते. तपशील त्यांनी उघडले नाहीत. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, "पाहुणं, चुकलं का माजं?" तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो: त्या कचेरीत त्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय सांगितले असते?