मानवी हस्तक्षेप : शून्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, युनियनच्या माणसांना तर नाहीच. आत्ता पहिल्यांदा तुलाच लिहितेय — तुला वाटेल, एवढं काय केलं असेल हिनं?

मी गिरणीच्या गेटवर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर वाढले. अक्षरओळखही त्यांच्यावरच झाली. गिरणी बंद पडली तेव्हा मी स्वतः पत्रकं लिहू लागले — यंत्र कामगाराच्या पोटावर पाय देतं, असं. इंदूरच्या राजवाड्यापाशी उभी राहून ती वाटायचे. आणि तिथून जायचे कुठे? कॉलेजच्या प्रयोगशाळेत. अंतराळात भाजी कशी पिकवायची, त्या प्रकल्पावर.

काचेची बंद पेटी, आत पालक. सेन्सर हवेतला ओलावा मोजणार, तारेतून कम्प्युटरला कळवणार, कम्प्युटर फवारा सोडणार. माणसानं हात लावायचा नाही. मला हे फार आवडायचं — तेही सांगून टाकते.

पेटीची राखण करायला जुनी इंदूर मोहल्ल्यातले मोरेकाका होते. बाबांचे गिरणीतले सोबती. मीच सरांना गळ घालून त्यांना कामावर लावलं होतं. हवा कोरडी झाली की गिरणीत धागे तुटतात, म्हणून सूतखात्यात ते चिमटीत सूत ओढून हवा ओळखायचे. इथेही खिशात सुताची गुंडी असायचीच.

एका दुपारी पालकानं माना टाकल्या. पडद्यावर मात्र ओलावा भरपूर. काकांनी पेटीच्या झडपेतून हात आत घातला, सूत ओढलं — कट्‌.

"बेटा, झूठ बोलतेय तुमची मशीन. गिरणीत असती ना, तर जॉबर-मुकादमानं कान धरून बाहेर काढली असती."

मी हसले. मग तारखा मोजल्या. सेन्सर अडकला होता, नवा यायला महिना लागणार होता, आणि प्रकल्प पाहायला मोठे पाहुणे आठवड्याभरात येणार होते. प्रकल्प गुंडाळला तर माझं काय?

"काका, सरांना नका सांगू. तुम्हीच मारा फवारा."

त्यांनी मारला. रोज, सूत तोडून पाहत, हातपंपानं. पालक तरारला. पाहुणे खूश होऊन गेले. सरांनी अहवाल मला लिहायला सांगितला. त्यात एक रकाना होता — मानवी हस्तक्षेप. मी लिहिलं, शून्य.

सरांनी वाचलं. "अरे वा. मग मोरेजी कशाला लागतात आपल्याला?"

मी समोरच उभी होते. तोंड उघडलं? नाही.

पेटीपाशी उभ्या काकांनी गुंडी खिशात टाकली. "चलो बेटा. पेटी पास झाली ना तुमची?" — एवढंच. बाबांनाही त्यांनी काही सांगितलं नाही.

अहवाल पुढे कुठे कुठे गेला, मला ठाऊक नाही. डोळे मिटले की एक बंद पेटी दिसते, याहून कितीतरी मोठी, वर, दूर. आत माणसं. पडद्यावर ओलावा भरपूर, रोपं माना टाकतायत — आणि चिमटीत सूत धरणारं कुणीच नाही. माझ्या शून्यावर विसंबून बांधलेली. मी दचकते. कुणी माझं अक्षर ओळखेल म्हणून दचकते, की त्या माणसांसाठी? तेही मला धड सांगता येत नाही.

मोरेकाकांना पुन्हा काम मिळालेलं नाही. ते माझी पत्रकं वाटतात, कृष्णपुऱ्याच्या पुलावर. परवा गठ्ठा उचलताना म्हणाले, "कडक लिहितेस, बेटा. एकदम सच्चं."

मी गठ्ठा त्यांच्या हातात नीट बसवून दिला.