आतोबांची शेकाची शिट्टी

अख्ख्या कोरेगाव तालुक्यात माणसाचा चेहरा सोडून आधी पापण्या बघणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. आतोबा फौजेतल्या दवाखान्यात जखमा धुण्या-बांधण्याचं काम करायचे. पेन्शनीत आल्यावर जखमा मिळेनात, म्हणून त्यांनी पापण्या धरल्या. दारात पाहुणा आला की ‘या, बसा’च्या आधी ते त्याची हनुवटी वर करून उजेडाकडे वळवतात. एकदा गावातलं भांडण मिटवायला आलेल्या पंचांना त्यांनी ओळीनं उन्हात उभं केलं आणि त्यातल्या दोघांच्या पापण्यांत कोंडा आहे, असं जाहीर केलं. भांडण तिथंच राहिलं, पंच चूळ भरायच्या दगडावर डोळे धूत बसले.

पापणीच्या कडेला लाल, ठणकणारी रांजणवाडी आली की गावात जो तो वैद्य होतो. कुणी लसणाची पाकळी घासतं, कुणी लवंग उगाळून लावतं, कुणी तळहातावर बोट घासून त्याचा चटका देतं. हे सगळे आतोबांचे शत्रू. त्यांचा उपाय एकच: उकळून वाळवलेलं स्वच्छ फडकं, सोसेल इतपत कोमट पाणी, मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं शेक, दिवसातून चारदा. पुळी पिळायची नाही, दुसऱ्याचा टॉवेल घ्यायचा नाही, काजळाची डबी तर सख्ख्या बहिणीचीसुद्धा नाही. शेकाची वेळ झाली की ते फौजेतली शिट्टी वाजवतात. आमची म्हैससुद्धा त्या शिट्टीला मान वर करते. आणि शेवटचा नियम ते बोट उगारून सांगतात, की त्याच जागी परत परत आली, तर घरचे उपाय बंद आणि थेट डोळ्यांचा डॉक्टर.

तर अशा माणसाच्या लाडक्या नातीला, सोनालीला, लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना रांजणवाडी झाली! काय सांगू, घरात आनंद झाला असं म्हणणं बरं नाही, पण आतोबांचा चेहरा लढाईचा हुकूम आल्यासारखा उजळला. चूल पेटली, पातेलं चढलं, फडकी उकळली. सोनालीनं आणि तिच्या मैत्रिणीनं एकाच डबीतलं काजळ घातल्याचा शोध त्यांनी तासाभरात लावला आणि ती डबी स्वतःच्या हातानं उकिरड्यात पुरली. चार दिवसांत सूज निम्म्यानं उतरली. आम्ही सगळे सकाळी सातच्या शिट्टीला अंगणात जमायचो आणि कालच्यापेक्षा आज किती कमी, यावर वाद घालायचो.

पण या धामधुमीत स्वतः आतोबा काळा गॉगल काढत नव्हते. आम्हाला वाटलं, लग्नघराची ऐट. पाचव्या दिवशी पातेल्याच्या वाफेनं काचा धुरकटल्या, त्यांनी पुसायला गॉगल उतरवला आणि समोर शेक घेत बसलेल्या सोनालीनं डोळा उघडला. आतोबांच्या डाव्या पापणीवर हरभऱ्याएवढी टणक गाठ होती. आत्यानं मग सगळं सांगून टाकलं: त्याच जागी तिसऱ्यांदा आलीय, सहा महिने झाले, आणि डॉक्टरचं नाव काढलं की हे जेवत नाहीत.

आतोबांनी गॉगल परत चढवला. ते एवढंच म्हणाले, “लगीन हू दे. डॉक्टर कापनार, पट्टी बांधनार. दोन्ही डोळ्यांनी बघायचं हाय मला तुजं लगीन. फुडचं कुनाला ठावं?”

तेव्हा मला कळलं की हा माणूस घाबरलेला आहे. अख्ख्या गावाच्या पापण्या तपासणारा माणूस स्वतःची पापणी कुणाला दाखवायला घाबरत होता.

सोनालीनं डोळ्यावरचं फडकं काढलं, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिलं. “आबा, तुमी डॉक्टरकडं येत न्हाई, तर मीबी शेकत न्हाई. सुजल्या डोळ्यानं उभी ऱ्हाते बोहल्यावर.”

आतोबांनी शिट्टी वाजवून पाहिली. सोनाली हलली नाही. दुपारी आम्ही साताऱ्याच्या रस्त्याला होतो.

डॉक्टरीणबाईंनी गाठ काढली, तपासायला पाठवली आणि लग्नाचा दिवस उलटेपर्यंत पट्टी ठेवायला सांगितली. तरी हळदीला आतोबा एका डोळ्यानं पहाऱ्याला उभे होतेच. भुवईच्या खाली हळद नेणाऱ्या प्रत्येक करवलीवर शिट्टी वाजत होती. अक्षतांच्या वेळी मात्र त्यांनी शिट्टी खिशात टाकली. सोनालीची पापणी नितळ झाली होती आणि ते उरलेल्या एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होते.

पाठवणीला सगळ्या बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. आतोबा हात पाठीमागं बांधून ताठ उभे. उघड्या डोळ्यातून पाणी मिशीत उतरत होतं आणि ते पुसत नव्हते. मी रुमाल पुढं केला, तर मान हलवून म्हणाले, “उकळल्याला न्हाई त्यो.” सोनाली गाडीतून खाली उतरली. पर्समधून तिनं पांढरं, घडी घातलेलं फडकं काढलं, सकाळीच उकळून वाळवलेलं, आणि त्यांचा डोळा टिपला.

आठ दिवसांनी निकाल आला. गाठ साधी निघाली. आत्यानं देवापुढं साखर ठेवली, मी तर अंगणात नाचलोच.

सोनाली आता वडूजला असते. आतोबांच्या अंगणात सातची शिट्टी अजून वाजते, पण गाठ परत येऊ नये म्हणून शेकायला ते एकटेच बसतात. पातेल्यात मात्र फडकी दोन उकळतात. एक त्यांचं असतं. दुसरं ते पिळून, झटकून दोरीवर वाळत घालतात आणि संध्याकाळी कोरडंच घडी करून ठेवतात.