डोंगराला बटण नसतं

आमच्या ग्रुपमध्ये किस्से ओल्या मोज्यांसारखे साठतात. किटबॅगच्या तळाशी पडलेले असतात, कुणाचे ते कुणालाच नक्की माहीत नसतं आणि फेकून द्यायला कुणी तयार नसतं! ग्रुप म्हणजे सई देवधर, तिचे आईबाबा, म्हणजे माझे काका-काकू, कोच लिम अंकल आणि मी. सई स्कीइंग करते. सिंगापूरमध्ये. हसून घ्या, आम्ही थांबतो.

मी कॅनडात शिकले, तिथेच स्कीइंगच्या नादाला लागले आणि सिंगापूरच्या स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे झेंडे आमच्या हौगांग भागातल्या गॅलऱ्यांत लटकत होते त्या वर्षी परत आले. दिवसा नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओ. संध्याकाळी हार्बरफ्रंटजवळच्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे आमचा डोंगर आहे! ओल्या गालिच्यासारखा उतरता पट्टा, ट्रेडमिलसारखा खालून वर फिरणारा. माणूस स्की घालून जागच्या जागी उतरत राहतो. थांबायचं असेल तर हात वर करायचा, लिम अंकल लाल बटण दाबतात.

*

एकदा भाजीची ट्रॉली ओढत एक चिनी आजी आत आल्या. पाच मिनिटं सईकडे बघून म्हणाल्या, "स्की फॉर व्हॉट? हिअर नो स्नो, लाह!"

लिम अंकलनी मानही वर केली नाही. "हिअर नो लायन ऑल्सो. स्टिल कॉल सिंगापुरा, वॉट!"

आजींनी ट्रॉली कोपऱ्यात लावली आणि अर्धा तास बघत बसल्या. पुढच्या शनिवारी परत आल्या!

*

देवधर काका शिपिंग कंपनीत अकाउंटंट. पट्ट्यावर कधी पाय ठेवला नाही, पण सईच्या स्कीला मेण तेच लावतात. ते वितळवून लावायला खास इस्त्री मिळते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घरचीच घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच इस्त्रीने शर्ट केला आणि पाठीवर मेणाचा चकचकीत पट्टा घेऊन मीटिंगला गेले.

बॉसने विचारलं, हे काय? काका म्हणाले, "मुलगी स्कीइंग करते."

"सिंगापूरमध्ये?"

"छे! घरात फक्त मेण लावतो."

*

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एक बाई काकूंना म्हणाल्या, "अहो, मुलीची जात. पाय मोडला म्हणजे?"

काकूंनी मोदक वाढता वाढता विचारलं, "तुमच्या सूनबाईंचा कशाने मोडला होता?"

"तो बाथरूममध्ये घसरून."

"मग? तुम्ही बाथरूम बंद केलीत का?"

*

सईला देशातर्फे शर्यतींत उतरवायच्या आमच्या अर्जावर निर्णय देणारे एक साहेब होते. त्यांना बर्फाचं वावडं. म्हणाले, "आपला सगळ्यात उंच डोंगर बुकिट तिमाह. पाऊण तासात माणूस वर जाऊन खाली येतो. तुम्ही कशावरून घसरणार?" मग फाइलवर बोट ठेवलं. "या मोसमात एक शर्यत जिंकून दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी देशाच्या नावाने प्रवेशिका पाठवणार नाही. फाइल बंद."

माझं डोकं फिरलं. रात्रभर नाही, पण पूर्ण रविवार बसून अकरा पानांचं पत्र लिहिलं. छोटे देश, मोठी स्वप्नं, काही सोडलं नाही! उत्तर आलं, "पत्र मिळाले."

सईने ते वाचलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "ताई, इलेव्हन पेजेस टू मच, लाह. तू लिहू नकोस. मी जिंकते."

*

मोसमातली पहिली शर्यत. युरोपात, खऱ्या डोंगरावर, मी सोबत. सई सुरेख उतरली. शेवटची रेषा ओलांडली, शांतपणे उजवा हात वर केला आणि डोंगर थांबण्याची वाट बघत राहिली!

डोंगर थांबला नाही. ती थेट कुंपणात. थांबता तिला चांगलं येत होतं, पण घाईत अंगातली मॉलची सवय बाहेर आली. बर्फ थुंकत म्हणाली, "ताई, अंकलनी बटण का नाही दाबलं?"

नंबर सातवा. मी अंकलना फोन केला. ते म्हणाले, "टेल हर. माउंटन नो बटन."

परत आल्यावर नवा नियम लागू झाला. सईने हात वर केला की पट्टा आणखी जोरात! तीन आठवड्यांत तिने हात वर करणं सोडलं. एमआरटी ट्रेनमध्ये वरची कडीसुद्धा धरेना.

*

शेवटची शर्यत. मधल्या सगळ्या हरून झाल्या होत्या. माझी रजा संपलेली, म्हणून सोबत काका गेले. पहिल्या फेरीत सई पहिली, त्यामुळे नियमाप्रमाणे दुसऱ्या फेरीत सगळ्यात शेवटी उतरणार. तिच्यानंतर कुणी नाही. जिंकली तर जिंकली, नाहीतर फाइल बंद.

इथे मॉलमधल्या हॉलमध्ये संध्याकाळचे सहा. लॅपटॉपसमोर काकू, मी आणि ट्रॉलीवाल्या आजी. पडद्यावर सई सुरुवातीच्या गेटमध्ये उभी राहिली तसे लिम अंकल उठले आणि त्यांनी रिकामा पट्टा चालू केला.

"अंकल, पट्ट्यावर कुणी नाहीये!"

"शी कमिंग डाउन, वॉट."

मधल्या वळणावर तिची एक स्की हवेत गेली. काकूंनी माझं मनगट असं आवळलं की दुसऱ्या दिवशी मलाच फिजिओ लागला असता. स्की खाली टेकली. आणखी चार वळणं. रेषा! तिचं नाव यादीत सर्रकन वर चढलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं.

कुंपणाच्या अलीकडे, बर्फ उडवत, सई स्वतःची स्वतः थांबली. मग कॅमेऱ्याकडे तोंड करून तिने उजवा हात वर केला.

निवेदक म्हणाला, विजेती प्रेक्षकांना अभिवादन करते आहे.

हॉलमध्ये पट्टा फिरत होता. लिम अंकलनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला आणि लाल बटण दाबलं.